बाळाच्या झबल्याची शिवण

होळी पंधरा-वीस दिवसांवर आली की आमच्या घरातली शिवणाची मशीन कोपऱ्यातून निघून खिडकीशी यायची. लग्नापासूनची ही रीत. थंडीच्या वाकळी उन्हात पडायच्या, त्यांच्या फाटक्या कडांना ठिगळं लागायची आणि मग बायको उन्हाळ्याच्या तयारीला बसायची. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे, उशांना जुन्या धोतराच्या खोळी, मुलीला उन्हात तोंडाला बांधायला मोठा सुती रुमाल, मला घरात घालायला बंड्या. आमच्या पिपरी मेघे गावचं ऊन ज्याला माहीत आहे, तो दुकानातल्या चकचकीत कापडाच्या नादी लागत नाही. मी शाळेत गणित शिकवायचो. घरी आलो की त्या मशीनच्या खडखडीवर डाफरायचो, "मले पेपर तपासू देशीन का नाई?" आता ते आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

यंदा मशीन कोपऱ्यातच राहिली. शिवरात्रीच्या आधी माळ्यावरचं सामान काढायला बायको स्टुलावर चढली, स्टूल डुगडुगलं आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. होळीनंतर प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक होऊन गेलेला आणि बोटं अर्धीच मिटत होती. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, मोकळी होतील. दोन दिवस तिने केला, तिसऱ्या दिवशी दुखलं म्हणून सोडला, आणि नंतर विषय काढला की ती दुसऱ्या खोलीत जायची.

खरी गोष्ट वेगळीच होती. चैत्रात मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. ते आमच्याकडे माहेरी होतं आणि बाळाला न्हाऊ घालायचं काम आजीचं. सेलूकडच्या आपल्या सगळ्या बहिणींना तिने हे कितीतरी महिने आधीपासून सांगून ठेवलं होतं. एका दुपारी मी वांगी चिरत होतो (हो, तेव्हा मीच चिरायचो, आणि ती बघून हळहळायची), ती एकदम म्हणाली, "मले बाळ धरता येनार नाई हो. ओलं बाळ हातातून सुटलं तर?"

मी लगेच म्हणालो, "मालिशवाली बाई ठेवू ना."

ती उठून गेली. जन्मभर मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर लाल रेघा मारल्या, पण माझ्याइतकं चुकीचं उत्तर एकानंही दिलं नसेल.

मुलगी नागपूरहून आली, तिने आल्या आल्या फोन पुढे केला. "आई, हे पाह्य. झबले, टोपडे, दुपटे, सगळं घरपोच येते."

"बारसं होईस्तोवर लेकराच्या अंगाले नवं कापड लागत नाई," बायको म्हणाली. "घरच्या माणसानं वापरलेलं पाह्यजे."

कारण विचारलं तर ती दृष्टीचं सांगते. माझ्या मते कारण साधं आहे. पन्नास वेळा धुतलेल्या सुती पातळाइतकं मऊ कापड कुठल्याच गिरणीतून निघत नाही. पण रीत ती रीत. पातळं घरात होती, मशीन होती, शिवणारा हात तेवढा नव्हता. मग मीच बोलून गेलो, "मी शिवतो."

मायलेकी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मला रागच आला. "तुमी?" बायको म्हणाली. "गुंडी तुटली तर टाचणी लावून शाळेत जात होते तुमी!"

झालं. त्याच संध्याकाळी मशीन मी खिडकीशी ओढली.

मास्तर असलो तरी विद्यार्थी म्हणून मी वाईट निघालो. बाजेवर बसून ती सांगायची आणि मी ऐकण्याआधीच करायचो. पहिला धडा तेलाचा. ज्या ज्या भोकात तेल टाकायचं तिथे एकेक थेंब, आणि मग चिंधीवर दहा मिनिटं टीप मारत राहायची, नाहीतर तेलाचा डाग पहिल्याच कापडावर बसतो. दुसरा धडा तिने मला माझ्याच हत्याराने दिला. जुनी रेघांची वही मागवली, मशीनमधला दोरा काढायला लावला आणि म्हणाली, "चालवा. सुई रेघेवर पडली पाह्यजे." चार पानं मी भोकं पाडली. ओळ सरळ जाण्याचं नाव नाही. मी म्हणालो, मशीनच तिरपी आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाजेवरून उत्तर आलं. "सुईकडं कायले पाहून राह्यले? कापड जिथून येते तिथं पाहा."

तिथे पाहिलं आणि पाचव्या पानावर ओळ सरळ आली. वर्गात इतकी वर्षं मी मुलांना "इकडे बघ, इकडे बघ" करत राहिलो, कुठे बघायचं ते एकदाही इतकं नेमकं सांगितलं नाही.

सरावासाठी तिने पडद्याचं काम दिलं. जुनी गडद चादर दुहेरी करून कडेनं टीप. दोन थरांमध्ये हवा राहते, ऊन आत येत नाही. चादर धुतलेली आहे का हे तिने तीनदा विचारलं. सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कात्री लावायची, नाहीतर पहिल्या धुण्यात सदऱ्याची बंडी होते. माझा पडदा खाली एका बाजूला दोन बोटं जास्त लोंबतो. मी तो तसाच लावला. येणारा-जाणारा बघतो आणि मी त्याला सांगतो, हो, मीच शिवला.

मग बाळाचं काम. तिने आपली चार पातळं काढून दिली. प्रत्येक उन्हात धरून बघायला लावलं. जिथे बसून बसून कापड विरलेलं, तिथून ऊन सुया टोचल्यासारखं आरपार दिसतं. तो भाग फडक्यांना. कमरेला खोचलेला आतला भाग वर्षानुवर्षं झाकलेला, तो मजबूत राहतो, तो झबल्यांना. पातळं उकळत्या पाण्यातून काढली, खळ न घालता कडक उन्हात वाळवली. आणखी एक नियम कडक होता. टाचण्या मोजून डबीतून काढायच्या आणि मोजून परत ठेवायच्या. एक जरी कमी भरली तरी ते कापड लेकराच्या अंगावर चढत नाही. एकदा एक कमी आली. आम्ही दोघांनी, आणि नऊ महिन्यांच्या पोटानिशी मुलीनंही, तासभर शोधली. माझ्याच बंडीला लागलेली होती. त्या दिवशी मला जेवायला वाढताना दोघी हसत होत्या.

मला वाटलं, आता आपण शिकलो. एका दुपारी दोघी झोपल्या होत्या. म्हटलं, उठायच्या आत सगळी झबली करून ठेवू. वर्तमानपत्राचा साचा तिने सांगून कापून घेतलाच होता. मी पट्टी लावून, पेन्सिलीनं रेघा मारून आठ झबली शिवली. एकही धागा बाहेर दिसणार नाही असं, अगदी शर्टासारखं, सगळ्या शिवणी आत दडवून. कडांना तर दुहेरी दुमडून टीप मारली. चहाच्या वेळी ती आठ झबली बाजेवर ओळीनं मांडली आणि मागे हात बांधून उभा राहिलो.

तिने एक उचललं. आत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अवो," ती म्हणाली, "हे कोन घालनार हाय? पाहनारा का घालनारा?"

मला कळेना. तिने झबलं उलटं करून माझ्या गालावर घासलं. शिवणीचा जाड काठ चरचरला. लेकराच्या झबल्याची शिवण बाहेर ठेवायची असते. आतला भाग सपाट, गुळगुळीत. बाहेरून कितीही ओबडधोबड दिसो, शिवण लेकराच्या अंगाला लागली नाही पाहिजे. गुंड्या नाहीत, मागे बांधायला बंद, तेही याचसाठी. हे मला माहीत असायला हवं होतं. मुलगी लहान असताना असली कितीतरी झबली मी दोरीवरून काढली होती आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं.

ती आधी हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच इतकी हसली. मग म्हणाली, "आणा, मी उसवते," आणि कात्री उचलली. बोटं कात्रीच्या कड्यांत गेली, पण मिटली नाहीत. कात्री मांडीवर पडली. तिने पुन्हा उचलली, पुन्हा पडली. हसू कुठल्या कुठे गेलं. "कात्री नाई धरवत," ती रडत म्हणाली, "तं लेकरू काय धरनार मी?"

या वेळी मी उत्तर दिलं नाही. तिच्याजवळ बसलो. मला फार वाईट वाटत होतं आणि ते मी तिला सांगितलं. मग कात्री घेऊन उसवायला लागलो. ती डाव्या हाताने कापड ताणून धरायची, मी टाका कापायचो. आठ झबली उसवायला तीन दिवस लागले, शिवायला एक दुपार लागली होती. दुसऱ्यांदा शिवली ती बाहेरून इतकी वेडीबागडी दिसत होती की मुलगी म्हणाली, "बाबा, आता बरोबर हाय."

पाडव्यानंतर चार दिवसांनी नात झाली. घरी आली ती आजीच्या पातळाच्या, म्हणजे माझ्या शिवणीच्या झबल्यात. पहिल्या आंघोळीच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "बोलवा मालिशवाल्या बाईले."

मी बोलावलं नाही. अंगणातल्या मोरीत पाट ठेवला, भिंतीला टेकायला तिच्या पाठीशी गोणपाटाची घडी ठेवली. म्हणालो, "लेकरू पायावर राह्यते ना? पाय तर तुये धडधाकट हायेत. वरचं मी करतो. तू सांगजो."

ती लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन पाय लांब करून बसली. मुलीनं भीत भीत बाळ तिच्या पायांवर उपडं ठेवलं. तेल मी लावलं, पाणी मी घातलं, रागावण्याचं काम तिने केलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून बघून "गुरुजी, हे काय करून राह्यले?" असं विचारलं. मी म्हणालो, नातीची आंघोळ. त्यांनी तोंडाला पदर लावला. लावू देत.

असं रोज चाललं. हळूहळू तेल लावायला तिचा उजवा हातही येऊ लागला, आधी नुसता तळवा, मग बोटंही. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने तो मागे घेतला असता, एवढं तिला मी आता ओळखतो.

महिना होत आला असेल. बाळाच्या अंगाला पीठ लावून झालं होतं, बाळ उताणं तिच्या पायांवर, मी पाण्याचा तांब्या घेऊन वाकलेलो. बाळानं जोरात पाय झाडले आणि ओलं अंग एका बाजूला घसरलं. माझे दोन्ही हात तांब्याला. मी तो टाकायच्या आतच बायकोचा उजवा हात बाळाच्या बगलेत गेला आणि मिटला. पाचही बोटं, अंगठ्यासकट. बाळ तिथेच थांबलं. ती त्याच हाताने नातीला धरून दुसऱ्या हाताने तिच्या कानामागचं पीठ काढू लागली. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी नुसता उभा.

"पानी टाका ना," ती ओरडली. "काऊन थांबले? डोळ्यात पीठ जाऊन राह्यलं पोरीच्या!"

मी पाणी घातलं. शिंतोडे माझ्याही तोंडावर उडाले म्हणून बरं झालं, नाहीतर गाल कशाने ओले झाले असं तिने विचारल्यावर मी काय सांगितलं असतं.