दर्यावाल्या बाईंचा पहिला वाचक

इतकी वर्षं दडवून ठेवलं, ते आज लिहितो: मी समुद्र पाहिला होता. यात कबूल करण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण दर्यावाल्या बाईंनी मला पहिला वाचक नेमलं, ते मी तो पाहिलेला नाही असं समजूनच.

बाई कोळीवाड्यात वाढलेल्या, लातूरला कॉलेजात शिकवायला आलेल्या. कादंबऱ्या लिहीत, सगळ्या दर्याच्या, आणि टाइप करायला माझ्या दुकानात आणत. "सलीम, दर्या बघितलायस?" पहिल्याच दिवशी विचारलं. मी टायपिंग शिकलो तेच मुंबईत मामूकडे राहून. रोज संध्याकाळी चौपाटीवर. पण बाई इतक्या आशेनं बघत होत्या, की तोंडातून "न्हाई" निघून गेलं.

"झकास! तुला दिसला तर सगळ्यांना दिसेल."

तेव्हापासून प्रकरण टाइप झालं की काउंटरवर कोपरं टेकून विचारायच्या, "दिसला?"

"हाव बाई, दिसला की."

मग खुशीत चहा सांगायच्या.

मासळीबाजारात तर करमणूकच. धरणातला रोहू उचलून म्हणायच्या, "गोड्या पाण्यात वाढलेला हा. याला संसाराचा काय अनुभव!" विकणारी म्हणायची, "बाई, घ्यायलाव का लगीन लावायलाव त्याचं?" गल्लीत टँकर आला की लिहिणं टाकून घागर घेऊन धावायच्या आणि वर मलाच सुनवायच्या, "एवढा दर्या सोडून आले रे, आता टँकरची भरती बघतेय."

मग वडिलांचं प्रकरण आलं. होडीसकट परत न आलेल्या बापावर लिहायला बाईंनी आयुष्यभर धीर गोळा केला होता. "दिसला?" मी भारावून बोलून गेलो, "लाट मागं जाताना पायाखालची वाळू ओढती ना, तिथं तर काळीज हाललं बाई."

बाईंनी पानं चाळली. वाळूचं एक अक्षर त्यात नव्हतं. मी उगाच काउंटरवरचे कागद जुळवायला लागलो. बाई मात्र डोळे पुसत हसल्या. "न लिहिलेलंही दिसलं तुला! आता एक शब्द बदलायचा नाही."

तसंच छापलं. माझ्या मुलीनं वाचलं. तिनं समुद्र खरोखरच पाहिलेला नाही. म्हणाली, "अब्बा, रडू आलं. पण यात दर्या कुठं हाय?"

बाई आता निवृत्त होऊन गावी असतात. परवा ईदला फोन आला. "नवी आवृत्ती निघतेय. त्याआधी येऊन जा, खरा दर्या माझ्या दर्याशी ताडून बघ." मी दुकानाचं निमित्त सांगितलं.

बाईंचं माझ्याकडे एक "न्हाई दिसला" बाकी आहे.