केबल काढली तरी उत्तर येत होतं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं बौद्ध घर... नवस नाही, अंगारा नाही, आणि कोणी भुताचं नाव काढलं की वडील आधी हसायचे, मग रागवायचे. त्यात मी जबलपूरला रिछाईच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. नेट बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते मला सापडतं — ही फुशारकी नाही, माझं रोजचं काम आहे.

ही गोष्ट स्मार्टफोन घरोघरी यायच्या आधीची. जबलपुरातच ओमतीजवळ माझ्या मोठ्या भावाचं घर. दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची मुलगी रश्मी हिची त्या दुपारी पुण्याच्या एका कंपनीशी व्हिडिओवर मुलाखत होती. दादाच्या मागे घराला या नोकरीचीच आशा होती, आणि नेमकं नेट बंद!

"काका, हो जाएगा ना?" रश्मी रडकुंडीला आली होती.

"अगं, आत्ता करून देतो," मी म्हणालो.

कॉम्प्युटर सांगत होता की त्याचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ठरलेली जागा, दुसरंच मशीन वापरतंय. पण दुसरं मशीन होतं कुठे? राउटर साधा, बिनवायफायचा. त्याला एकच केबल. नवा अ‍ॅड्रेस देऊन पाहिला, तर बाहेर जाता येईना. दादानं राउटरला त्या एकाच अ‍ॅड्रेसची परवानगी देऊन ठेवली होती आणि पासवर्ड कुणालाच सांगितला नव्हता. असा संशयी माणूस! राउटर रीसेट केला असता, तर कनेक्शनचा पासवर्डही पुसला गेला असता.

मग मी कॉम्प्युटरची केबल काढली, माझा लॅपटॉप जोडला आणि त्या अ‍ॅड्रेसला पिंग केलं — म्हणजे 'कोणी आहे का?' अशी हाक मारली. आता तिथे कोणीच नसायला हवं होतं... आणि उत्तर आलं. राउटर बंद करून चालू केला, तरी उत्तर येतंच होतं.  खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय म्हणून राहिला तो कॉम्प्युटर, भाऊजी?"

"म्हणतो, जागा रिकामी नाही. कोणीतरी आधीच बसलंय."

वहिनींनी कप खाली ठेवला. रिटायर झाल्यापासून दादा दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर असायचा. रश्मीला काम असलं की वहिनीच त्याला उठवायच्या. त्या रिकाम्या खुर्चीजवळ गेल्या आणि अगदी नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, उठा आता. काहून अडून बसले? पोरीला बसू द्या."

लॅपटॉपवरची उत्तरं थांबली.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण रडू आलं. कॉम्प्युटरची केबल परत लावली. नेट सुरू झालं, मुलाखत झाली, पुढे रश्मीला ती नोकरीही लागली.

नंतर मी तो राउटर उघडून पाहिला, ओळखीच्या जाणकारांना विचारलं. त्यांनी सांगितलेलं एकही कारण त्या दुपारला लागू पडत नाही. भूत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण रश्मी आत मुलाखत देत असताना वहिनी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मी उठवलं नसतं, तर बसून राहिले असते का हो ते?"