वेलांटीबाई आणि न थांबणारी गाडी

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. तेवीस वर्षं तिने तिथे प्रुफं तपासली आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटली, असं कधी कुणी ऐकलं नाही. पण या कामाचा परिणाम असा झाला, की समोरचा मजकूर बरोबरही असू शकतो यावरचा तिचा विश्वासच उडाला. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. नवरा "आज उशीर होईल" म्हणाला, की "कशामुळे?" विचारायची, आणि कारण पटण्यासारखं निघालं तर तिला जास्तच संशय यायचा.

तिचा सगळ्यात मुरलेला संशय मात्र रेल्वेवर होता.

तिच्या गावात स्टेशन होतं, आणि सहा किलोमीटरवर पुढच्या गावातही होतं. गावं साधारण सारखीच. उलट हिच्या गावात इस्पितळ मोठं, शाळा दोन जास्त. तरी पुढच्या स्टेशनवर दिवसाला नऊ जलद गाड्या थांबत आणि इथे एकही नाही. इथे फक्त सहा धिम्या. जलद गाडी अशी धडधडत निघून जायची, की फलाटावरच्या बाकाला हादरा बसायचा. वेलांटीबाई रोज सकाळी कोपऱ्यावर बस धरायची, पुढचं स्टेशन गाठायची आणि तिथून जलद गाडीने शहरातल्या छापखान्यात जायची. बसमध्ये सबंध वेळ मनातल्या मनात चडफडायची.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ती नवऱ्याला म्हणायची.

कुठे मुरतंय हेही तिने ठरवून टाकलं होतं. तिचा धाकटा दीर रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कार्यालयात कारकून होता. चार वर्षांपूर्वी त्याने घर घेतलं, तेही नेमकं पुढच्या स्टेशनसमोर. आणि त्याच वर्षीच्या नव्या वेळापत्रकात तिथे दोन जलद गाड्या वाढल्या.

"अगं, तो कारकून आहे," नवरा म्हणाला. "त्याच्या सांगण्यावरून त्याच्या टेबलावरचा पंखासुद्धा बदलून मिळत नाही."

"तेच तर म्हणतेय मी. इतक्या गरीब चेहऱ्याच्या माणसावर संशय घेणार कोण?"

दोन वर्षांपूर्वी तिने दिराला तोंडावर विचारलं होतं. तो सहज बोलून गेला, "वहिनी, तुमच्या स्टेशनवर गाडीत चढतं तरी कोण?" हे तिच्या जिव्हारी लागलं. आमचं गाव म्हणजे काय ओसाड माळ आहे? तेव्हापासून तिने त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. रोज सकाळी त्याच्या गॅलरीखालून जायची, पण मान वर करायची नाही.

शेवटी तिने रेल्वेला रीतसर अर्ज केला. तीन महिन्यांनी एका पानाचं उत्तर आलं. तिच्या स्थानकावरून दररोज सरासरी १४२ प्रवासी गाडीत चढतात. जलद गाडीच्या थांब्यासाठी ही संख्या अपुरी आहे.

सवयीने तिने लाल पेन उघडलं. आकड्यापुढे खूण केली.

"शून्य खाल्लंय," ती नवऱ्याला म्हणाली. "एक हजार चारशे वीस असणार. आणि सही बघा. मुद्दाम वाचता येणार नाही अशी केलीय."

दुसऱ्याच दिवशी तिने तीन दिवसांची रजा टाकली. वही घेऊन पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत फलाटावर ठाण मांडून बसायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी डोकी मोजायची, असा बेत. स्टेशनमास्तर शांत गृहस्थ होता. रिकाम्या तेलाच्या डब्यांत टोमॅटोची रोपं लावायचा. त्याने तिला आपणहून खुर्ची आणून दिली. तिच्या लगेच लक्षात आलं, की त्या खुर्चीवरून फलाटाचं दुसरं टोक दिसत नाही. तिने खुर्ची उचलली आणि आपल्याला हवी तिथे नेऊन ठेवली. मास्तर रोपांना पाणी घालू लागला. त्याचं हरकत न घेणंही तिला खटकलं.

पहिल्या दिवशी एकशे एकोणचाळीस भरले. आज शाळेला सुट्टी असेल, म्हणून तिने चौकशी केली. नव्हती. दुसऱ्या दिवशी एकशे सेहेचाळीस. त्या संध्याकाळी नवऱ्याने "किती झाले?" विचारल्यावर "मोजतेय अजून" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं लक्ष कुंपणापलीकडे रस्त्यावर गेलं. तिथे बसची रांग लागली होती. औषधांच्या दुकानाचा मालक, बँकेतली बाई, दोन शिक्षिका, शेजारचा रंगारी. सगळे ओळखीचे, सगळे पुढच्या स्टेशनला निघालेले. तिने वहीचं कोरं पान काढलं. दीड तासात दोनशे सात माणसं बसने गेली.

ती जवळजवळ धावतच मास्तरच्या खोलीत शिरली.

"सापडलं! ही बघा आमची माणसं. दोनशे सात! यांना तिकडे मोजतात की नाही?"

"मोजणारच," मास्तर म्हणाला. "माणूस ज्या फलाटावरून चढतो, त्या फलाटाच्या खात्यात जातो."

"मग ही माणसं इथून का चढत नाहीत?"

"इथे जलद गाडी थांबत नाही ना."

"ती का थांबत नाही?"

"इथून माणसं चढत नाहीत म्हणून." मास्तरने हातातली झारी खाली ठेवली. "बाई, राग मानू नका. तुमचा पास कुठून कुठपर्यंतचा आहे?"

वेलांटीबाईचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थांबला. पास पर्समध्ये होता. काढायची गरजच नव्हती. तेवीस वर्षं ती दर तीन महिन्यांनी तो पुढच्या स्टेशनच्या खिडकीवर काढत होती. तेवीस वर्षं ज्या स्टेशनच्या नावाने बोटं मोडली, त्याच्याच यादीत रोज एक माणूस वाढवत आली होती.

त्या दिवशीची उरलेली मोजणी तिने केलीच नाही. संध्याकाळी बस धरून सरळ दिराच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं.

"भाऊजी, मी तुमच्यावर..."

"माहीत आहे, वहिनी. दादा बोलला होता."

"हे कधी बोलले?" तिने ताबडतोब विचारलं, आणि मग स्वतःच ओशाळली.

चहा घेता घेता दिराने सगळं समजावलं. थांबा म्हणजे नुसतं मिनिटभर उभं राहणं नव्हे. भरधाव गाडी हळू करायची, उभी करायची, पुन्हा वेगात आणायची. चार मिनिटं सहज जातात, आणि मागची गाडी खोळंबते ती वेगळीच. तेवढी माणसं असतील तरच साहेब ऐकतात.

"आणि तुम्ही घर घेतलंत त्या वर्षी दोन गाड्या वाढल्या, त्या?"

"त्याच वर्षी इथे कॉलेज सुरू झालं, वहिनी. एकदम आठशे पोरं."

घरी येताना कॉलेजची इमारत खरंच आहे का, हे ती बसच्या खिडकीतून बघून आली.

पुढचा पास तिने आपल्या स्टेशनवरून काढला. धिम्या गाडीला पस्तीस मिनिटं जास्त लागत, म्हणून ती तेवढी लवकर उठू लागली. मग गल्लीत दारोदार फिरली. लोकांनी ऐकून घेतलं, पण संशयाने. "बाईंचा यात काय फायदा?" औषधवाल्याने विचारलं. "स्टेशनजवळ जागाबिगा घेतलीत की काय?" आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर कुणी असा संशय घेतला होता, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तरी अकरा जण आले. महिन्याभरात चार गळले. नंतर इस्पितळातल्या परिचारिका आल्या, दोन्ही शिक्षिका आल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी, घामाघूम होत, औषधवाला.

दीड वर्षाने एक जलद गाडी मिळाली. एकच, संध्याकाळची, आणि तीही सहा महिन्यांपुरती, प्रायोगिक तत्त्वावर. सकाळची का नाही, यावर वेलांटीबाईने घरी बराच खल केला. नवऱ्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी गाडी थांबेपर्यंत तिचा विश्वास नव्हता. गाडी थांबली. वेलांटीबाई उतरली, पण घरी न जाता शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग उतरलेल्यांवरून नजर फिरवली. एक पिशवीवाला तरुण अनोळखी वाटला. ती त्याच्यामागे झपाझप गेली.

"तुम्ही इथलेच का हो? आता रोज इथेच उतरणार ना?"

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पिशवी छातीशी धरली आणि भराभर पाय उचलले.