वाक्याने गाळलेलं

अकोल्याच्या कॉलेजात आमचे सर तत्त्वज्ञान शिकवत. कुठलंही वाक्य समोर आलं की आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत आणि विचारत, "हे वाक्य काय गाळून उभं हाय, ते सांग." शुद्ध म्हणायचं तर आधी अशुद्ध लागतं, वरचा नेहमी खालच्याच्या खांद्यावर उभा असतो, हे ते भल्याभल्या ग्रंथांतून दाखवून देत. फ्रान्समध्ये आता लोक असंच वाचून राहिले, असं अभिमानाने सांगत. त्यांच्या नादाने गावातले वकील कायद्याची कलमं उलटीकडून वाचू लागले आणि मराठीचे प्राध्यापक कवितेचा एकच अर्थ सांगायला कचरू लागले. मी त्यांचा लाडका विद्यार्थी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या आमच्या घरातला पहिला शिकलेला.

मी त्याच कॉलेजात नोकरीला लागलो, तेव्हा तेच म्हणाले, "बाबू, माह्या घराची वरची खोली तुलेच."

मी वळकटी घेऊन गेलो. ते फाटकातच उभे होते, मागे ओसरीवर त्यांच्या पत्नी, काकू. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

"कसं हाय बाबू, आपण 'हो' म्हणतो, तवा त्याच्या पोटात 'नाही' असतेच. शब्द कुठं पक्का असते?"

खोली पुढे वर्षभर रिकामीच होती. जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही कारण विचारलं नाही. वाक्याने गाळलेलं वाचायला त्यांनीच तर मला शिकवलं होतं.