मामांचं लोणार

उद्या महाराष्ट्र सरकार हरवलं, तर ते कुठल्या मजल्यावर आणि कितव्या खिडकीत सापडेल, हे अख्ख्या लालबागमध्ये फक्त माझे चुलतमामा सांगू शकतील. ते तिथे खरंच आहे यावर मात्र त्यांचा स्वतःचा विश्वास बसणार नाही. तरुणपणी गिरणीत आणि पुढे एका छापखान्याच्या पार्सल खात्यात नोकरी केलेला हा माणूस आज पंचाहत्तरीला आलाय. एवढ्या वर्षांत त्यांनी राज्यातल्या एकूण एक जिल्ह्याची माहिती जाड वह्यांमध्ये उतरवून ठेवली आहे. कुठल्या तालुक्याला दाखला कोण देतो, एसटी कुठून सुटते, विश्रामगृहाचा खानसामा जेवण करून देतो की नुसता चहा, बाहेरगावच्या माणसाला आजारपणात कुठल्या मंडळाचे लोक मदत करतात, सगळं त्यात सापडेल. आणि त्यातली एकही गोष्ट त्यांनी पहिल्या फटक्यात खरी मानलेली नाही.

सरकारी संकेतस्थळावर तर त्यांचा विशेष राग. एकदा मला एका कागदासाठी अँटॉप हिलच्या बाजूच्या एका कार्यालयात जायचं होतं. मी मोबाइलवर वेळ बघून त्यांना सहज सांगितली. दुसऱ्या दिवशी मामा बस पकडून स्वतः तिथे जाऊन आले, खिडकी उघडेपर्यंत बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळी माझ्या घरी येऊन जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "आज तरी वेळ बरोबर होती. उद्याचं मी सांगू शकत नाही." एसटीची वेळ विचारायची तर ते डेपोत तीनदा फोन करत, सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी ओळखू येऊ नये म्हणून आवाज जरा घोगरा काढून. तीन उत्तरं वेगळी आली तर त्यांना बरं वाटे. तिन्ही सारखी आली की हे आपापसात ठरवून सांगतायत, अशी शंका यायची. लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळीकडे फिरत होते, तेव्हा त्यांनी माझा फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि हा रंग घरी बसून दिलाय, असा निकाल दिला.

तरी लोक त्यांच्याकडेच येत. शेजारच्या शालूताईंच्या मुलीचा प्रवेश एका दाखल्यावाचून अडला होता. दाखला गावच्या तालुक्याला मिळणार आणि हातात चार दिवस. मामांनी त्यांना तासभर उलटे प्रश्न विचारले, मुलगी खरंच पास झाली आहे का इथपासून. मग दिवसभर फोन करून साहेब मंगळवारी दौऱ्यावर असतात, बुधवारी सकाळी जागेवर भेटतात, सोबत आजोबांच्या शाळेचा कागद हवा, असं लिहून दिलं. शालूताई एका खेपेत दाखला घेऊन आल्या. त्या पेढे द्यायला गेल्या, तर मामांनी आधी दाखल्यावरचा शिक्का उजेडात धरून तपासला आणि मग पेढा उचलला.

अशा या माणसाने चाळीतली निम्मी माणसं राज्यभर फिरवून आणली, पण स्वतः ते मुंबई आणि गाव सोडून कुठेही गेले नाहीत. मामींना लोणारचं तळं बघायचं होतं. कधीतरी कॅलेंडरवर त्याचं चित्र आलं होतं, ते त्यांच्या मनात बसलं. बाकी त्यांनी मामांकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मामा तेव्हापासून लोणारच्या मागे लागले. एक अख्खी वही भरली. दोनदा दिवसही ठरला. पहिल्या वेळी खानसामा फोनवर फारच गोड बोलला म्हणून मामांना संशय आला आणि बेत रद्द झाला. दुसऱ्या वेळी तळ्यात उतरायची वाट मामींच्या गुडघ्यांना झेपेल की नाही, याचं खात्रीचं उत्तर मिळेना.

गेल्या हिवाळ्यात चाळीच्या महिला मंडळाने लोणारसाठी मिनीबस ठरवली आणि मामींनी न विचारता आपलं नाव देऊन टाकलं. मामांनी पहाटे उतरून ड्रायव्हरचं लायसन्स वाचलं, टायर दाबून बघितले, स्टेपनी बाहेर काढायला लावली. मामी खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "तुमी वही बघा. मी तळा बघून येतंय."

ते चार दिवस मी रोज मामांकडे जात होतो. ते दर दोन तासांनी फोन लावत, आणि मामी तो उचलत नसत. तिसऱ्या दिवशी वही मांडीवर ठेवून ते नुसतेच बसले होते. मी जरा चिडूनच विचारलं, की एवढं सगळं माहीत असताना तुम्ही मामींना घेऊन का नाही गेलात? त्यांनी मांडीवरची वही बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली रे. मी नेलं, आणि तिथे काहीच धड निघालं नाही, तर?"

इतकी वर्षं हा माणूस सरकारवर संशय घेतोय असं आम्ही समजत होतो.

मामी परत आल्या त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. चेहरा उन्हाने रापलेला, गुडघे सुजलेले. त्या तळ्यात उतरल्या नव्हत्या, वरूनच बघितलं होतं. पण पाणी हिरवंगार होतं, भोवती झाडी होती, दोन मोर दिसले आणि एक पुरातन देऊळ बघताना सगळ्या बायका आपोआप गप्प झाल्या, असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अकोला जिल्हो इतको लांब आसात असा वाटला नव्हता."

लोणार बुलढाणा जिल्ह्यात येतं. मी मामांकडे बघितलं. डेपोच्या कारकुनाशी एका आकड्यावरून अर्धा तास वाद घालणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"मग?" ते म्हणाले. "मोर जवळ आले होते का?"