लख्खबाईनं आवरलेला खून

लॉजवर तिला सगळे लख्खबाई म्हणत. खोली आवरून झाली की दाराशी उभी राहून ती स्वतःशीच "लख्ख!" म्हणायची आणि मगच दार ओढायची, त्यावरून पडलेलं नाव. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. गिऱ्हाईक कोण, कुठलं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ती फक्त खोली बघायची. कामाची रीत ठरलेली. आधी काच, मग कापड, शेवटी फरशी. आणि फरशी पुसायची ती उलटं चालत दारापर्यंत, म्हणजे स्वतःचं पाऊलसुद्धा मागे राहत नाही. नव्या बाया आधी हसायच्या, मग महिनाभरात त्याही तशाच पुसायला लागायच्या.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. शिडीवरून पडून पाय मोडला आणि प्लास्टर घेऊन तो तिच्याकडे येऊन पडला. एकटा जीव, त्याचं करणार कोण? वेळ जावा म्हणून कामावरच्या दोस्तानं लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. मोठ्या कंपनीचा नव्हे, दोघा मित्रांनी घरात बसून केलेला. नदीकाठी बंगला, अभ्यासिकेत मालकाचा खून झालेला, घरात उरलेली पाच माणसं, म्हणजे बाईसाहेब, पुतण्या, डॉक्टर, मुनीम नि मोलकरीण, आणि तपास करणारे साहेब आपण. खेळ मोठा खत्रूड. कुठं जायचं ते सांगायचा नाही, चुकलात तर टोकायचा नाही, आणि एकदा केलेलं परत फिरवता यायचं नाही.

"माझ्याच्यानं झाला नाही, तुझ्या बापाच्यानंही होणार नाही," दोस्त म्हणाला. झालं! भाऊ इरेला पेटला. सोमवारी प्लास्टर निघणार होतं आणि मंगळवारपासून कामावर. त्याच्या आत खुनी धरायचाच, असं त्यानं मनाशी घेतलं.

लख्खबाई मागं बसून मटार सोलता सोलता बघायची.

"अरे, तो मेला कधीचा, आणि खोली अजून तशीच?"

"पुरावा आहे तो, ताई."

"कसला पुरावा? काच पडलीय. कुणाच्या तरी पायात जाईल."

"जाऊ दे. त्यातलाच एक खुनी आहे."

भावानं तिला खेळात चालायला शिकवलं होतं, बंगल्याच्या बागेत फिरण्यापुरतं. वस्तूपाशी हाताच्या पंजाचं चित्र दिसलं की दाबायचं, मग ती उचलता येते, एवढंही सांगितलं होतं. इथंच घोळ झाला.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दोस्त भावाला पाय दाखवायला डॉक्टरकडे घेऊन गेला. पाचही जणांच्या जबान्या झाल्या होत्या, अभ्यासिका तेवढी बारकाईनं बघायची राहिली होती. लॅपटॉप उघडाच. लख्खबाई जरा बागेत फिरली, पायऱ्या चढली, आणि समोर ती खोली. काच, सांडलेला चहा, लोंबता पडदा, चिखलाची पावलं. कोपऱ्यात बादली, बादलीवर फडकं. फडक्यावर पंजा दिसला.

मग काय! आधी काच, मग पडदा, शेवटी फरशी. उलटं चालत दारापर्यंत. चिखल खरोखर निघत होता. बनवणाऱ्या पोरांचं तिला कौतुक वाटलं. दाराशी येऊन ती म्हणाली, "लख्ख!"

भाऊ कुबड्या टेकत आला आणि त्यानं लॅपटॉपकडे बघितलं.

"ताई, हे काय केलंस?"

"काय केलं? आवरलं."

"खुनाच्या जागी पोछा मारलास?"

"मग त्यांनी फडकं ठेवलंच कशाला तिथं?"

तेवढ्यात खेळातला हवालदार आला. त्याचं बोलणं भावानं वाचून दाखवलं: खोली कुणीतरी पुसून काढली आहे, आणि या घरात पुसायचं काम करणारी एकच. मोलकरीण. खाली तिचं नाव आलं. ते दाबलं की शेवटचा भाग उघडणार. नाहीतर सगळा खेळ पुन्हा पहिल्या दिवसापासून.

"दाबतो," भाऊ म्हणाला.

"तिनं नाही केलं. मी केलं."

"खून तू केलास?"

"फालतूपणा करू नको. पुसलं मी आणि धरणार तिला?"

"ताई, ती खरी नाही गं. चित्र आहे."

"मग चित्रासाठी एवढी घाई कसली?"

एकदा लॉजवर एका पाहुण्याचं घड्याळ हरवलं होतं. मालकानं सगळ्यात आधी लख्खबाईची पिशवी काउंटरवर उपडी केली होती. घड्याळ पाहुण्याच्याच बुटात निघालं. पिशवीतलं सामान तिचं तिनंच परत भरलं. ही गोष्ट भावाला माहीत होती. तिनं ती काढली नाही, त्यानंही काढली नाही.

"सोमवारी प्लास्टर निघणार," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून नाही व्हायचं माझ्याच्यानं."

"तुझा खेळ. तुला हवं ते कर." ती उठली आणि कणीक मळायला बसली.

त्यानं नाव दाबलं. मोलकरणीला गाडीत घालून नेलं. शेवटच्या भागात उरलेल्या चौघांनी साहेबांना जेवायला बोलावलं. पुतण्यानं पाठ थोपटली, बाईसाहेब रडल्या, डॉक्टर हसले, मुनीम तर पायाच पडला. खेळ संपला. खरं कोण, ते खेळानं सांगितलं नाही.

"धरला का?" आतून लख्खबाईनं विचारलं.

"खेळ जिंकलो," भाऊ म्हणाला.

"ते नाही विचारलं."

जेवताना तो मधेच म्हणाला, "त्या चौघांतलाच एक होता, ताई. माझ्या ताटात वाढत होता."

"भाजी घे."

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा भाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. पडद्यावर बागेचं फाटक होतं आणि फाटकात मोलकरीण उभी होती.

"पहिल्यापासून?" तिनं विचारलं.

"हं."

"आणि मंगळवारी कामावर?"

"कामावरून आल्यावर बघेन. लागू देत महिने."

"तिला आधी विचार, काय बघितलंय ते. गेल्या वेळेला तिला दोन शब्दांत वाटेला लावलंस. मी बघत होते."

"तू हात लावणार नाहीस ना?"

"मला वेळ आहे का तुझ्या बंगल्याला? लॉजवर आज दुसरा मजला माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.