बंद कॅमेऱ्यापुढचं बोलणं

गजूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका हळदीच्या शूटिंगवर गाणं बसवत होतो. फोनवर त्यांचे मेहुणे होते. सकाळी चहा घेतला, चपला घालायला ओट्यावर बसले आणि बसल्या जागी कलंडले... दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी ‘येतो’ म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर मनात पहिला विचार आला तो गजूभाऊंचा नव्हता, कॅमेऱ्याचा होता. तो घरी असेल की गाडीत, आणि माणसं जमल्यावर कोणी त्याचं काळं कव्हर काढून आत तर पाहणार नाही... अर्ध्या आयुष्याचा सोबती गेला आणि मला धास्ती कसली, तर आमची लबाडी उघडी पडेल याची. आता महिना होऊन गेला, पण त्या पहिल्या विचाराची लाज अजून जात नाही.

रिसोड तालुक्यात लग्न निघालं की शूटिंग गजूभाऊंचं आणि मिक्सिंग माझं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मिक्सिंग म्हणजे त्यांनी आणलेल्या चित्रांची जोडाजोड करायची, गाणी घालायची आणि नवरदेवाच्या मावशीचं जांभई देणं कापून टाकायचं. गजूभाऊ मोठे मिजासखोर. खांद्यावर तो भला थोरला कॅमेरा घेऊन मांडवात शिरले की चाल बदलायची. नवरदेव राहिला बाजूला, लोक आधी यांना वाट द्यायचे. पुरुष टोपी सारखी करत, बायका पदर सावरत, आणि भांडत बसलेले सोयरेसुद्धा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहत. इंझोरीच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, पण यांची बॅटरी मधेच संपली होती म्हणून यांनी साऱ्या मांडवाला दुसऱ्यांदा अक्षता टाकायला लावल्या. भटजी कुरकुरले, पण ‘शुभमंगल सावधान’ त्यांनीही परत म्हटलं. हा किस्सा ते स्वतःच चारचौघांत सांगायचे, आणि दर वेळी भटजींचा राग थोडा वाढलेला असायचा.

मग घरोघर मोबाईल आले आणि त्याच सुमारास आमचा कॅमेरा कायमचा बंद पडला. अकोल्याच्या कारागिराने उघडून पाहिला आणि सामान मिळत नाही म्हणून परत दिला. लग्नसराई तोंडावर होती. मी म्हटलं, गजूभाऊ, चांगला मोबाईल घेऊ, त्याचं चित्र आपल्या कॅमेऱ्यापेक्षा उजवं येतं. आणि ते खरंही होतं. आमच्या जुन्या कॅमेऱ्याला संध्याकाळी मोठा लाइट लागायचा, घामाने नवरीची हळद ओघळायची. मोबाईल दोन बल्बांतही चेहरा स्वच्छ दाखवायचा. गजूभाऊंना ते पटलं. मोबाईल घेतला आणि एका साक्षगंधाला तो हातात धरून ते उभे राहिले. पण मोबाईल तर मांडवात सगळ्यांच्याच हातात होता! कोणी वाट देईना, बायका मधून जाऊ लागल्या. ते बराच वेळ शूटिंग करत असताना मुलीच्या काकाने त्यांनाच येऊन विचारलं, “शूटिंगवाला कवा येऊन राह्यला?” गजूभाऊ काही बोलणार त्याच्या आत त्याने त्यांच्या हातात वरणाची बादली दिली आणि पंगतीकडे बोट दाखवलं. मला वाटलं आता हे बादली आदळतील. पण त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मुकाट्याने ओळीने वरण वाढलं. 

पुढच्या लग्नाला ते आले ते खांद्यावर पुन्हा तोच कॅमेरा घेऊन. मी चकित झालो. जवळ जाऊन पाहतो तर आतलं सगळं काढून टाकलेलं, पुढच्या नळकांड्यात मोबाईल घट्ट बसवलेला, वरून काळं कव्हर आणि मोबाईलच्या भिंगापुरतं भोक. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळ्या सेलवर जळणारा एक लाल दिवाही लावून घेतला होता. डोळा लावायच्या जागी नुसता अंधार, तरी हे डोळा लावून उभे. आणि मांडव पुन्हा सरळ झाला. टोप्या सारख्या झाल्या, वाट मिळाली. चित्र मोबाईलचं आणि मान कॅमेऱ्याचा! मी पोट धरून हसलो. नंतर लोक दुकानात येऊन ‘कॅमेराच वेगळा हो तुमचा, मोबाईलात असं कुठे येतं’ म्हणू लागले तेव्हाही मी हसून मान डोलवायचो. कुणाचं काय बिघडतं, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

बिघडलं ते रिठदला. भर वैशाखातलं लग्न, वर टिनाचा मांडव. दौलतरावांची एकुलती एक मुलगी मंगल. दौलतराव बरेच दिवस आजारी होते, खुर्चीतच बसून होते. माणूस मुळातच अबोल. गावात त्यांचं बोलणं ऐकलेली माणसं कमीच. बिदाईच्या वेळी बँड वाजत होता, मंगल रडत गाडीत बसली होती, सगळे तिकडे गेलेले. दौलतरावांना उठवेना. त्यांनी हाताने गजूभाऊंना जवळ बोलावलं आणि लाल दिव्याकडे बोट करून विचारलं, हा चालू हाय ना? गजूभाऊ वाकले, हो म्हणाले. मी लांबून पाहत होतो, बँडमुळे ऐकू काही येत नव्हतं. दौलतराव दिव्याकडे पाहून बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते... शेवटी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गजूभाऊंनी सरळ होऊन डोळे पुसले, ते मात्र मला दिसलं.

जीपमध्ये सामान ठेवताना त्यांनी नळकांड्यातून मोबाईल काढला तर तो तव्यासारखा तापलेला आणि बंद. उघडा हातात धरला असता तर कदाचित टिकला असता. आम्ही त्याला त्या उन्हात कव्हरात कोंडलं होतं. तो केव्हाच बंद पडला होता. नंतर पाहिलं तर शूटिंग पंगतीपर्यंतच होतं. मी ओल्या रुमालात गुंडाळून त्याला चालू करायची खटपट करत होतो आणि गजूभाऊ शेजारी बसून म्हणाले, “बुढा बोलला रे अरुण. लय येळ बोलला. काय म्हने मालूम हाय का...”

मी म्हणालो, “थांबा ना गजूभाऊ. आधी फाइल पाहू द्या.”

ते थांबले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला त्या वेळी फाइल महत्त्वाची वाटली. ज्या माणसाने ते सारं कानाने ऐकलं होतं तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पोळ्याच्या आधी दौलतराव गेले. त्यानंतर मंगल दुकानात आली. बाबा कॅमेऱ्यापुढे बोलले असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. मी म्हणालो, मिक्सिंग चालू आहे, वेळ लागेल. दुसऱ्यांदा ती गजूभाऊंच्या घरी गेली, तर हा मांडव हलवणारा माणूस तिची हाक ऐकून न्हाणीत जाऊन बसला आणि ती जाईपर्यंत बाहेर आला नाही. गजूभाऊंच्या बायकोने, शोभावहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना कारण माहीत नव्हतं. मी एकदा गजूभाऊंना म्हटलं, तिला खरं सांगून टाका. ते म्हणाले, “कोन्या तोंडानं सांगू? बंद होता म्हटलं तं, मंग डोयाले लावून कायले उभे होते, असं इचारन ना पोरगी.”  खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या सराईच्या तारखा घेऊन झाल्या होत्या, आणि सगळ्यांना तो कॅमेराच हवा होता. गजूभाऊ मात्र त्या दिवसापासून रिठदच्या वाटेला गेले नाहीत. लग्न त्या बाजूचं असलं की लांबचा रस्ता धरायचे आणि मी विचारलं तर रस्ता खराब आहे म्हणायचे.

तेरवीला शोभावहिनींनी गजूभाऊंच्या फोटोशेजारी तो कॅमेरा मांडला होता. त्यालाही हार घातला होता. येणारा माणूस फोटोला नमस्कार करी आणि मग कॅमेऱ्याला. ‘काय चित्र यायचं यातून’ असं म्हणत होते आणि माझ्याकडे वळून हळहळत होते. मी मान डोलवत होतो. माणूस गेला तरी माझी मान काही थांबली नाही.

मग मंगल आली. तिने फोटोला हात जोडले, कॅमेऱ्यावर हात ठेवून तो कपाळाला लावला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “अरुणभाऊ, आता तरी द्या. माये बाबा याच्यातच हाये ना?”

मला पुन्हा मिक्सिंग म्हणता आलं असतं. जिभेवर तेच आलं होतं. मी हार बाजूला केला, कव्हर काढलं आणि तिला आतलं रिकामं नळकांडं दाखवलं. मग सगळं सांगितलं... तापलेला मोबाईल, न्हाणी, जीपमध्ये मी गजूभाऊंना थांबवलं तेसुद्धा. वहिनी तिथेच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मंगल ओरडेल, चार माणसांत माझी लाज काढेल, असं मला वाटलं होतं आणि तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “मंग बाबा काय बोलले?”

“मले मालूम नाई वं.”

“गजूभाऊले मालूम होतं?”

“हो. त्यायनंच आयकलं सारं.”

 मग पदराने नाक पुसून तिने विचारलं की, बाबा खरंच लय येळ बोलले का. मी हो म्हणालो, मधे मधे थांबत होते, पण पुन्हा बोलत होते.

“घरी तं पानी आन, जेवाले वाढ, याच्यावर बाबा मायाशी कदी बोललेच नाई,” ती म्हणाली.